वाळूतील गंगाजळी

सारे मुद्दल एकाच हंगामात गुंतवू नये, काही गंगाजळी राखून ठेवावी, हा पेढीचा जुना दंडक. वाळवंटातील चिमुकली रानफुलेही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत.

दक्षिण कॅलिफोर्नियात जोशुआ ट्रीच्या परिसरात, कोरड्या ओढ्यांच्या काठच्या भुसभुशीत वाळूत 'लिनॅन्थस मॅक्युलेटस' नावाचे दुर्मीळ रोपटे उगवते. उंची जेमतेम एक ते तीन सेंटिमीटर. पाकळ्या पाच, पांढऱ्या. प्रत्येकीवर तांबूस ठिपका. हिवाळी पावसावर ते रुजते, वसंतात फुलते आणि बीज टाकून वाळून जाते. पुढे त्याचे अस्तित्व केवळ वाळूतील बीजात उरते.

अशा वर्षायू वनस्पतींचे सर्व बीज एकदम रुजले आणि मागून पाऊस फिरला, तर वंशच बुडेल. म्हणून चांगल्या पावसातही काही बीज झोपलेलेच राहते. जितका पाऊस बेभरवशाचा, तितकी ही शिल्लक मोठी असावी, हे डॅन कोहेन या इस्रायली शास्त्रज्ञाने १९६६ साली गणिताने मांडले. ॲरिझोनातील टुसॉन येथे लॅरी व्हेनेबल यांनी १९८२ पासून वर्षानुवर्षे रोपांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा त्याचा प्रत्यय आला. ज्या जातींचे उत्पन्न अधिक चढउताराचे, त्यांचे बीज दर वर्षी कमी प्रमाणात रुजते.

ही सावधगिरी फुकट मिळत नाही. राखलेल्या बीजाला सुकाळाचा नफा मिळत नाही; शिवाय मुंग्या व उंदीर त्यातील वाटा उचलतात. तरीही एका बुडीत वर्षाने सारे खाते शून्य होऊ नये, यासाठी ती किंमत मोजावीच लागते.

परंतु ही तजवीज अवर्षणासाठी आहे. वाळूवरून फिरणारी वाहने आणि वाढती घरबांधणी यांपुढे ती लंगडी पडते, कारण तेथे बीजासह जमीनच हातची जाते. त्यातून कोरड्या वर्षी पाहणी करणाऱ्यास भूखंड मोकळाच दिसतो. तेव्हा वाचकहो, निव्वळ यंदाची उलाढाल पाहून कोणतेही खाते रिकामे ठरवू नये. वरून ओसाड दिसणाऱ्या भूमीतही पुढील पावसाची ठेव असू शकते. तिच्यावर चाक फिरविण्यापूर्वी एक चांगला पाऊस तरी थांबून पाहावे.