हौदातले पाणी

‘घर पाहावे बांधून’ म्हणतात. घाटंजीत मी ते बांधून पाहिले. स्लॅबवर मारण्याचे पाणी महिनाभर हौदात साठलेले. शेजारीच पालात राहणाऱ्या मजूरबाईला हुडहुडी भरली. रक्तात हिवताप निघाला. मी गटारे धुंडाळली आणि अळ्या सापडल्या त्या हौदाच्या नितळ पाण्यात! हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला 1897 सालीच दिसले, माझ्या एम. ए. झालेल्या डोळ्यांना हौद दिसला नव्हता. अंड्याचा डास व्हायला 8-10 दिवस पुरतात. आमच्या खिडक्यांना जाळ्या, तिच्या पालाला दारही नाही. शिवाय मजुरी बुडाली ती वेगळीच.

मच्छरदाणी दिली तेव्हा ती हसून म्हणाली, “घर तुमचं सर, ताप माहा.”

आता हौद दर आठवड्याला कोरडा करतो. तिच्या बोलण्याला मात्र उत्तर सापडलेले नाही.