घोड्याच्या सहवासात मुले खुलतात

आपल्या भागात घोडा आता वरातीत, जत्रेत किंवा शर्यतीच्या गाडीला दिसला तर दिसतो. पण याच जनावराकडून बऱ्याच देशांत अपंग, मतिमंद व स्वमग्न मुलांच्या उपचाराचे काम घेतले जाते. आपल्याकडेही बेंगळूरसारख्या शहरांत ते सुरू झाले आहे. हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर बसण्यास व उतरण्यास दुसऱ्याची मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळविले आणि १९५६ साली पुन्हा मिळविले. त्यांचे उदाहरण पाहून युरोपात या कामाला चालना मिळाली.

घोडा संथ चालू लागला की स्वाराची कंबर चालत्या माणसासारखी हलते. त्यामुळे पाठीला व कमरेला तोल सांभाळण्याची सवय होते. हा झाला शरीराचा लाभ. मनाचा लाभ आम्हांस त्याहून मोठा वाटतो. घोडा मोठा खरा, पण भित्रा व सावध असतो. आरडाओरडा केला की तो बुजतो, कान मागे पाडतो. शांतपणे जवळ जाऊन खरारा केला तर स्वस्थ उभा राहतो. म्हणून तापट मुलाला आपला आवाज आवरावा लागतो आणि बुजऱ्या मुलाला 'चल', 'थांब' हे स्पष्ट बोलावे लागते. एवढे थोरले जनावर आपले ऐकते, हे पाहून मुलाला धीर येतो. शिवाय घोडा कोणाची कीव करीत नाही.

अमेरिकेत १२७ स्वमग्न मुलांची दहा आठवडे पाहणी झाली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. काही मुलांना घोड्यावर बसविले, तर काहींना घोड्यांविषयी नुसते शिकविले. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड अधिक कमी झाली व बोलणे वाढले. तरी याने स्वमग्नता बरी होते, असे मात्र कोणी समजू नये.

सावधगिरीही हवी. फिट येणारे, मान कमजोर असलेले किंवा खुब्याचा सांधा निखळलेले मूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसवू नये. शिकविलेला घोडा, जाणता शिक्षक व डोक्याला हेल्मेट हवेच. घोड्याच्या लिदीतून धनुर्वाताचे जंतू येऊ शकतात, म्हणून लस चुकवू नये. जत्रेतल्या घोड्यावरची फेरी म्हणजे उपचार नव्हे.

असे केंद्र आपल्या गावी नाही, म्हणून हात जोडून बसावे काय? आपल्यातील काही घरांत असे मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविले जाते. लग्नाला नेत नाहीत, मिस्सेलाही आणीत नाहीत. ही रीत मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वासराला किंवा शेळीला चारा-पाणी देण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. सुरुवातीला स्वतः शेजारी उभे राहा. हा घोड्याचा उपचार नव्हे, आणि डॉक्टरी उपचार तर चालूच ठेवावेत. पण 'हे काम माझे आहे' असे म्हणायला त्या मुलाला काही तरी मिळेल. शेजाऱ्यांनाही त्याच्याशी बोलायला विषय सापडेल.