जिन्यातून वर न आलेली तार

प्रति,
मुख्य अधिकारी,
मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, म्हाडा

महोदय,

उपकरप्राप्त इमारतींतून तुमच्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा गळती, टेकू आणि वाकलेल्या तुळया असतात. हे पत्र सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाबद्दल आहे.

सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गातल्या कितीतरी चाळींत वीज आली ती दिव्यापंख्यापुरती, दोन तारांवर: फेज आणि न्यूट्रल. पुढे फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन आले. वायरमनने सॉकेट तीन पिनांचे बसवले, केसिंग-पट्टीतल्या तारा मात्र दोनच राहिल्या. प्लगची अर्थची पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे वीज जोडली जाण्याआधी अर्थ जोडला जावा. आमच्याकडे ते भोक स्क्रूड्रायव्हर खुपसून आतला पडदा सरकवायला आणि दोन पिनांचा प्लग घुसवायला उपयोगी पडते.

फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर पायात स्लिपर, नाहीतर खाली लाकडी पाट, हा घरोघरचा तोडगा. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणे. टेस्टर विझतो, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली की २३० व्होल्ट थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतात. नळाच्या लोखंडी पाइपला तार बांधणारेही आहेत. मध्ये कुणी प्लास्टिकचा पाइप बसवला की जमिनीशी नाते तुटते आणि झटका शेजारच्या नळाला.

सगळे वायरिंग नव्याने करणे उत्तम, पण खर्चिक. गिझर, फ्रिज आणि मशीनपुरती अर्थची स्वतंत्र हिरवी तार ओढणे पुष्कळ स्वस्त. तेही आज जमत नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो; फरक पडला की क्षणात वीज तोडतो. त्याला अर्थची तार लागत नाही. पाच अँपिअरच्या फ्यूजला माणसातून जाणारा एवढासा प्रवाह कळतसुद्धा नाही. तरी अर्थ नसेल तर पत्रा जिवंतच राहतो आणि आरसीसीबी कुणीतरी हात लावल्यावरच पडतो. म्हणून तो आधी बसवावा, पण त्यावर थांबू नये.

अडचण पुढेच आहे. हिरवी तार खोलीभर फिरवली, पण जोडायची कशाला? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार, पुरवठा जिथे सुरू होतो तिथे अर्थचे टर्मिनल पुरवठादाराने द्यायचे. ते तळमजल्यावर, मीटरपाशी. खोलीतले वायरिंग भाडेकरूचे. मधले तीन मजले कुणाचे? मालक भाड्याकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे. एकट्याने जिन्यातून तार आणायला निघावे तर प्रत्येक मजल्यावर 'भिंत फोडायची नाही' हे ऐकावे लागते.

दुरुस्तीत तुम्ही जिना आणि व्हरांडे उघडता, तेव्हा तिथल्या तारा तशाही उखडतात. त्याच वेळी प्रत्येक इमारतीत तळापासून वरपर्यंत अर्थची एक सामाईक तांब्याची पट्टी चढवावी आणि दर मजल्यावर एक टर्मिनल द्यावे. खोलीपर्यंतची तार आम्ही आमच्या पैशाने आणू. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात हे स्वतंत्र काम म्हणून लिहिलेले असावे, ठेकेदाराच्या मर्जीवर नको. संक्रमण शिबिरांतल्या ज्या गाळ्यांत आरसीसीबी नसतील तिथेही ते बसवावेत. ओल्या भिंती तिथे कमी नाहीत.

आणखी एक. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना अर्थिंगचा खड्डा बुजवला जातो. मग उन्हाळ्यात त्यात पाणी कोण आणि कुठून घालणार? खड्ड्यावर उघडता येणारे झाकण ठेवावे, आणि अर्थचा रोध शेवटचा कधी मोजला व किती ओहम भरला, हे मीटरच्या फळीवर रंगाने लिहून ठेवावे.

आपला,
गिरगावातला एक भाडेकरू