उसने घेताना लग्न, फेडताना दुखवटा

अलीकडे भ्रमणध्वनीवर रोज सकाळी एखादे सुवचन येते आणि त्याखाली ‘आफ्रिकन म्हण’ एवढेच लिहिलेले असते. आफ्रिका खंडात 50 हून अधिक देश आहेत आणि सुमारे 2000 भाषा आहेत. कोणत्या भाषेची, कोणत्या लोकांची हे न सांगता दिलेली म्हण मला सही नसलेल्या धनादेशासारखी वाटते. रक्कम मोठी दिसते, पण ती वटवायची कोणाच्या खात्यावर? म्हणून या वेळी एकाच भाषेच्या म्हणी पाहू. ती भाषा स्वाहिली.

स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाढलेली बांटू कुळातील भाषा. मोंबासा आणि झांझिबार या बंदरांत अरब व भारतीय व्यापाऱ्यांची गलबते मोसमी वाऱ्यांच्या आधाराने शतकानुशतके ये-जा करीत. त्यामुळे तिच्यात अरबी शब्द विपुल आले आणि काही आपल्याकडचेही रुजले. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’ आणि धनादेशाला ‘हुंडी’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सौराष्ट्रातील हालारी ओसवाल जैन कुटुंबे केनियात जाऊ लागली. तेथे दुकान मांडणाऱ्याला गिऱ्हाइकाशी याच भाषेत बोलावे लागे.

व्यापारी बंदरात वाढलेल्या भाषेला पैशाचा व्यवहार नेमका कळतो. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’ म्हणजे थोडे थोडे टाकत गेले की किबाबा भरतो. आपण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणतो. पण किबाबा हे तळे नव्हे, ते धान्य मोजण्याचे माप आहे. तळे कधी भरले हे सांगणे अवघड असते. मापाला काठ असतो, आणि किती भरले व किती उणे आहे हे डोळ्यांना दिसते. बचतीचा हिशेब असा दिसावा, हे त्या म्हणीचे जास्तीचे सांगणे.

कर्जाविषयीची म्हण अधिक रोखठोक आहे: ‘कुकोपा हारुसी, कुलिपा मातांगा.’ उसने घेणे म्हणजे लग्न, फेडणे म्हणजे दुखवटा. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ करणाऱ्याला नावे ठेवतात, पण तेथे सणानंतरचा दिवसही दाखविला आहे. बँकेच्या कर्ज विभागात काम केलेल्या कोणालाही हे दोन्ही चेहरे ओळखीचे असतात. मंजुरीच्या दिवशी पेढे घेऊन येणारा माणूस तिसरा हप्ता थकला की रस्ता बदलून जातो. यावर दुसरी म्हण उपाय सांगते: ‘दावा या देनी कुलिपा.’ देण्यावर औषध एकच, ते म्हणजे फेडणे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र ही: ‘माली बिला दाफ्तारी हुपोतेआ बिला हाबारी.’ माल, दफ्तर आणि खबर हे तिन्ही शब्द मराठी वाचकाला भाषांतराविना कळतील. ज्या मालाची दफ्तरी नोंद नाही, तो खबर न लागता नाहीसा होतो.

आपली व्यापारी घराणी वह्यांच्या बाबतीत काटेकोर असतात. दुकानातील पाच रुपयांची उधारीही खात्यावर चढते. मात्र धाकट्या भावाला गाळ्यासाठी दिलेले दोन लाख किंवा मेहुण्याला अडचणीत दिलेले पन्नास हजार कोठेच लिहिलेले नसतात. घरच्या माणसाकडे चिठ्ठी मागणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत. मग देणारा वडीलधारा जातो. एका घरातील मुले म्हणतात, ‘ते कर्ज होते’. दुसऱ्या घरातील म्हणतात, ‘ती मदत होती’. दोघेही प्रामाणिक असू शकतात आणि तरीही बोलणे थांबते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या रकमेचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. पण प्रश्न न्यायालयाचा थोडाच आहे! सख्ख्या भावाला कोर्टात कोण खेचतो? बुडतो तो पैसा आणि त्याबरोबर नाते.

मागायचे कसे, हाच खरा संकोच. येथे स्वाहिली बायकांची एक रीत आठवते. त्यांच्या ‘कांगा’ नावाच्या जोडवस्त्रावर काठाशी एखादी म्हण किंवा वचन छापलेले असते. मोंबासाच्या बियाशारा स्ट्रीटवर, म्हणजे व्यापारपेठेत, भारतीय वंशाच्या दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कापड विकले आहे. शेजारणीला किंवा नात्यातील कोणाला तोंडाने सांगता येत नाही ते योग्य वचनाचा कांगा नेसून सांगतात. ऐकणारीला समजते, पण भांडायला शब्द सापडत नाही, कारण सांगणारी बोललेलीच नसते. बोलली ती म्हण!

म्हणींचे मोठे काम हेच असावे. कठोर गोष्ट एका माणसाने सांगितली तर ती आरोप ठरते. तीच पूर्वजांच्या तोंडून आली की रीत ठरते. त्यामुळे घरातील कर्त्या माणसाने देताना सहज म्हणावे, ‘आपल्या घरची रीत आहे, दफ्तराविना माल नाही’, आणि दोन ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. रक्कम, तारीख आणि परत करायची की नाही, एवढे पुरे. मदत असेल तर ‘मदत’ असेच लिहावे. त्यानेही पुढच्या पिढीचा घोळ वाचतो.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. या वर्षी पूजेच्या वहीत एक पान घरच्या देवघेवीसाठी राखून ठेवावे आणि जुन्या तोंडी रकमा दोघांनी मिळून त्यावर उतरवाव्यात, एवढेच वाचकांना सुचवावेसे वाटते.