शब्द कळले की निर्णय सोपा होतो



शहरांतल्या शिबिरांच्या जाहिरातींत हल्ली कराटे, ज्यूदोच्या जोडीला आयकिदो हे नावही दिसते. मुलगी वर्गाहून येते आणि ‘उके’, ‘नागे’, ‘रेई’ असे काहीबाही बोलू लागते. दादीजान विचारतात, “हा कुठला मंत्र गं?” प्रश्न रास्त आहे. आपले मूल रोज जे बोलते, त्याचा अर्थ घराला ठाऊक असलाच पाहिजे. म्हणून या वेळी आपण हे शब्द उलगडू.

आयकिदो या नावात तीन शब्द आहेत. ‘आय’ म्हणजे जुळणे, ‘की’ म्हणजे चैतन्य किंवा जीवनशक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी ही विद्या घडवली. १९४२ च्या सुमारास तिला हे नाव मिळाले. हल्ला अडवून उलट मारण्यापेक्षा त्याचा जोर वळवून समोरच्याला काबूत आणणे, हा तिचा गाभा. बहुतेक शाखांमध्ये स्पर्धा नसते.

शिकण्याच्या जागेला ‘दोजो’ म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जवळचा शब्द आहे: तालीम. कोल्हापुरात पैलवान घाम गाळतात ती तालीम आणि मुलांना दिली जाते ती तालीम, दोन्हींचे मूळ एकच अरबी शब्द. शिकवणाऱ्याला ‘सेन्सेई’ म्हणतात. त्याचा अक्षरशः अर्थ ‘आधी जन्मलेला’, म्हणजे आपल्या पुढे चार पावले असलेला. आपण उस्ताद म्हणतो, आखाड्यात वस्ताद म्हणतात, तसेच हे.

सराव जोडीने होतो. डाव टाकणारा तो ‘नागे’, आणि ज्याच्यावर डाव होतो तो ‘उके’. उके हा शब्द ‘घेणे, स्वीकारणे’ या क्रियापदापासून आला आहे. म्हणजे उके हरलेला नसतो; तो डाव अंगावर घेतो आणि स्वतःला सांभाळतो. त्याच्या पडण्याला ‘उकेमी’ म्हणतात. पुढे लोळण, मागे लोळण, गादीवर हात आपटून धक्का पसरवणे हे आधी शिकावे लागते. नीट पडता आले की डोके आणि मनगट वाचते. पडण्याला लाजायचे नाही, ही शिकवण मुलांना घरातही उपयोगी पडेल.

डावांची लांबलचक नावे ऐकून घाबरू नये. आधी हल्ल्याचे नाव येते, मग डावाचे. ‘कातातेदोरी शिहोनागे’ म्हणजे समोरच्याने एका हाताने मनगट धरले, तर चार दिशांचा फेक-डाव करा. ‘शोमेनउची’ म्हणजे समोरून डोक्यावर येणारा वार. ‘इक्क्यो’, ‘निक्यो’, ‘सांक्यो’ ही तर नुसती पहिली, दुसरी, तिसरी शिकवण. ‘इरिमी’ म्हणजे आत शिरणे, ‘तेंकान’ म्हणजे वळणे. यात मंत्र कुठेच नाही.

मग मराठीत का बोलत नाहीत? कारण हे शब्द सगळीकडे तेच राहतात. पुण्याचा मुलगा उद्या टोकियोत सरावाला गेला तरी सेन्सेईंनी पुकारलेला डाव त्याला समजेल.

आता खरा नाजूक शब्द: ‘रेई’. त्याचा अर्थ अदब, शिष्टाचार. आणि झुकून केलेल्या अभिवादनालाही तोच शब्द आहे. वर्गाच्या सुरुवातीला सगळे ‘सेइझा’त बसतात. नमाजमधल्या कादाशी ही बैठक बरीच मिळतीजुळती आहे, म्हणून आपल्या मुलांना ती जड जात नाही. मग ‘शोमेन नि रेई’ होते, म्हणजे समोरच्या भिंतीकडे झुकणे. तिथे बहुधा उएशिबांचे छायाचित्र असते. काही दोजोंमध्ये शिंतो धर्माचा छोटा देव्हाराही असतो. त्यानंतर सेन्सेई आणि विद्यार्थी एकमेकांकडे झुकून ‘ओनेगाइशिमासु’ म्हणतात, म्हणजे ‘कृपया शिकवा, साथ द्या’. शेवटी ‘अरिगातो गोझाइमाशिता’, म्हणजे ‘आभारी आहोत’.

जपानी माणसाला यात शिष्टाचार दिसतो. पण बसून, हात जमिनीवर टेकून डोके खाली नेले की ते सजद्यासारखे दिसते, आणि सजदा फक्त अल्लाहलाच. इथे ‘सगळेच करतात’ म्हणून मान डोलावणे बरे नाही, आणि शब्दाचा अर्थ न विचारता मुलीचा वर्ग बंद करणेही बरे नाही.

आमचे सांगणे इतकेच: नाव घालण्याआधी अम्मी-अब्बूंनी स्वतः दोजोत जाऊन एक तास बसावे. भिंतीवर काय आहे ते पाहावे. आमचे मूल झुकण्याऐवजी छातीवर हात ठेवून अदब दाखवील, हे चालेल का, असे सेन्सेईंना सरळ विचारावे. मनगट धरण्याचा सराव असल्याने मुलीला जोडीदार मुलगीच मिळेल का, हेही विचारावे. शंका उरली तर आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना भेटावे. मात्र ‘रेई’चा अर्थ आणि प्रत्यक्ष कृती दोन्ही त्यांच्यापुढे नीट मांडावी, अर्धवट सांगू नये.

आणि मुलांनाही या बोलण्यात सामील करून घ्यावे. आपण कोणापुढे झुकतो, कोणापुढे नाही, आणि तरीही सर्वांशी अदबीने कसे वागतो, हे ज्याला चार शब्दांत नीट सांगता येते, ते मूल कुठल्याही तालमीत खाली मान घालून उभे राहत नाही.