देशाटन आणि 'स्वतःचा शोध'

एकट्याने परदेशी राहून आल्याखेरीज माणसाचा खरा विकास होत नाही, असे एक नवे सुभाषित हल्ली रूढ झाले आहे. त्याला जोडून येणारी प्रवासकथाही ठरलेली असते: नोकरीचा उबग, एकट्याचे तिकीट, परक्या शहरातली पहिली भेदरलेली रात्र आणि अखेरीस 'मी मला सापडलो' ही ग्वाही. जाणाऱ्याच्या आनंदाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या सिद्धान्ताबद्दल. विमानाच्या तिकिटाबरोबर प्रगल्भताही हाती पडते, हा समज चुकीचा आहे आणि काहीसा उद्दामही.

मोरोपंतांच्या नावावर असलेली देशाटनाची आर्या आपण सर्वांनी शाळेत घोकली. तिच्यात देशाटनाच्या पंगतीला विद्वानांची संगत, चारचौघांतला वावर आणि ग्रंथांचा अभ्यासही बसवला आहे, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. शिवाय या साऱ्याचे फळ म्हणून तिथे चातुर्य सांगितले आहे. 'स्व' सापडेल असे आश्वासन कुणी दिलेले नाही.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. पती निवर्तलेले, सोबत लहान मुलगी. आजच्या रिवाजाने पाहता आत्मशोधाच्या पुस्तकाला याहून अधिक सामग्री ती कोणती हवी? परंतु १८८९ मध्ये त्यांनी मराठीत जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त! तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांची अवस्था यांचा विचार त्यांनी केला. परदेश त्यांच्यासाठी आरसा नव्हता, तो अभ्यासाचा विषय होता. आणि त्याच वर्षी, ११ मार्चला, मुंबईत शारदा सदन उघडले. रमाबाई या प्रवासाने घडल्या नाहीत, असे कोण म्हणेल? पण आपले घडणे हा त्यांनी प्रवासाचा हेतू केला नव्हता.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. बुद्धाचा धर्म जाणून घेण्याच्या तळमळीने १८९९ मध्ये त्यांनी गोवा सोडला. पुण्यात आणि काशीत संस्कृत, मग नेपाळ, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात पाली, पुढे ब्रह्मदेश. आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्ड. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून दिवस काढले. त्यांना मोठे केले ते पायपिटीने की पालीच्या व्याकरणाने? आमचे उत्तर स्पष्ट आहे. गुरूपुढे बसून, परकी भाषा जिभेवर वळवून, ग्रंथ अक्षरशः लावून जे मिळाले ते त्यांचे खरे धन. चालणे हा तिथवर पोहोचण्याचा मार्ग होता.

इथेच एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी आणि तान्ही मुलगी होती. एकट्याच्या प्रवासाची किंमत एकटा प्रवासी क्वचितच मोजतो. मागे कुणीतरी घर सांभाळत असते. निदान कोसंबींच्या खर्चाच्या बदल्यात मराठीला बौद्ध विद्येचे दालन खुले झाले. आजच्या आत्मशोधकांनी आपला जमाखर्च असाच मांडून दाखवावा.

आणि परदेशी एकटे राहण्यानेच माणूस वाढत असेल, तर रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेले कोकणी मुसलमान कामगार, पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर आयुष्य घालवणारे गोव्याचे तारवटी, हे आपल्यातले सर्वांत विकसित लोक ठरायला हवेत. त्यांनी परकी भाषा, परका कायदा, परका मालक आणि परके आजारपण सोसले. पण त्यांच्या वास्तव्याला आपण 'मजुरी' म्हणतो आणि सहा महिन्यांच्या सुखवस्तू भटकंतीला 'विकास'. हा फरक अनुभवाच्या खोलीचा नाही, तो पारपत्रामागच्या पैशाचा आहे.

यावर कुणी म्हणेल, ज्या मुलीला गावाबाहेर जायलाही सोबत लागते तिने एकटीने तिकीट काढणे हेच मोठे नाही काय? आहे, निःसंशय आहे. पण ते स्वातंत्र्य आहे, आणि स्वातंत्र्य हा हक्क आहे. त्याला विकासाचे प्रमाणपत्र जोडण्याची गरज नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून अमेरिकेला निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण का जातो हे जाहीरपणे सांगितले होते: या देशाला स्त्री डॉक्टर हव्या आहेत. १८८६ मध्ये पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी बाविशीच्या आत त्या गेल्या. त्यांच्या जाण्याला कारण होते, म्हणून त्यांच्या धैर्याला वजन आहे.

तेव्हा परतलेल्या प्रवाशाला 'तू किती बदललास?' असे विचारणे आता पुरे. तिथली भाषा किती शिकलास, कुणाच्या हाताखाली काम केलेस, शेजाऱ्याच्या अडचणीला कधी धावलास, येताना काय आणलेस, हे विचारावे. या प्रश्नांना ज्याच्यापाशी उत्तरे आहेत, त्याला आपला विकास झाला हे सांगत फिरावे लागत नाही. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने देश पाहिले असतील. देशाटन मात्र केलेले नाही.