कीबोर्डवाल्याला आधी ऐकू येऊ द्या

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी कर्जाचे कागद घेऊन घरी आला. त्याला जामीन हवा होता. रक्कम एक लाख वीस हजार, कारण नवा कीबोर्ड. तो कव्वाली पार्टीत कीबोर्ड वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात जातो, गणपतीत मंडळांच्या स्टेजवर भक्तिगीतांना साथ करतो. एका सुपारीचे दीड हजार मिळतात, कधी दोन. मी विचारलं, "आहे त्या कीबोर्डला काय झालं?" तो म्हणाला, "सर, स्टेजपे मेरेकू मेराच बाजा सुनाई नहीं देता. बडा लिया तो आवाज आएगा."

सही करण्याआधी मी त्याचा कार्यक्रम ऐकायला गेलो. जवळच्या एका गावचा उरूस होता. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरच्या भिंती, सगळ्यांची तोंडं लोकांकडे. मुख्य कव्वालाच्या पायाशी एक मॉनिटर, त्यात फक्त गाणाऱ्यांचे माईक. माझा विद्यार्थी मागच्या रांगेत डावीकडे. त्याच्या दिशेला तोंड केलेला एकही स्पीकर नव्हता. कीबोर्डमधून निघालेली साधी वायर वीसेक मीटर फरपटत साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत गेली होती आणि वाटेत गुणगुण गोळा करत होती. ऐकू येत नाही म्हणून त्यानं व्हॉल्यूम शेवटापर्यंत नेला. आवाज फाटला. फाटला म्हणून साउंडवाल्यानं त्याला खाली ओढला. मग त्यानं पट्ट्या आणखी जोरात बडवायला सुरुवात केली.

मी सही केली नाही. तो नाराज होऊन गेला. त्याचं दुःख खरं होतं, पण त्यानं आणलेलं औषध चुकीचं होतं. आपल्याकडे वाजवणारी किती तरी मुलं हेच चुकीचं औषध हप्त्यानं विकत घेत आहेत, म्हणून हे लिहितो आहे. मी वादक नाही, शाळेच्या पेटीवर तराणे बसवण्यापुरती माझी मजल. पण बी.एड.च्या सराव पाठांत एक गोष्ट कायमची शिकलो. ज्या शिक्षकाला वर्गाच्या गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो ओरडतो, ओरडून घसा बसवतो, आणि तरी शेवटच्या बाकावर काही पोचत नाही. वादकाचंही तेच आहे. माझं म्हणणं एवढंच: स्टेजवरच्या कीबोर्डवाल्यानं पैसा आधी स्वतःला ऐकू येण्यात घालावा, मग कीबोर्डच्या बटणांत. आणि त्याला बोलावणाऱ्यांनी हा खर्च एकट्या त्याच्या डोक्यावर टाकू नये.

पहिला गैरसमज टोनचा. दुकानात गेलेला मुलगा विचारतो, यात टोन किती? पाचशे की हजार? अरे बाबा, कव्वालीत तू वाजवतोस किती? पेटी, स्ट्रिंग्ज, बासरी, बेंजो, संतूर, फार तर दहा. शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या मैफली ज्या हार्मोनियमवर उभ्या राहिल्या तिला साधारण ३७ ते ४२ पट्ट्या असतात. म्हणजे तीन-साडेतीन सप्तकं आणि एकच टोन. याच पेटीला मींड काढता येत नाही, तिचे सूर ठोकळेबाज आहेत, असं म्हणून ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. आजच्या कीबोर्डवर ही दोन्ही दुखणी बरी करायची सोय असते. डाव्या हाताशी पिच बेंड असतो, त्यानं मींडेचा भास आणता येतो. बऱ्याच कीबोर्डांत स्केल ट्यूनिंग असतं, त्यानं एकेक सूर थोडा चढवता-उतरवता येतो. शुद्ध गंधार कीबोर्डच्या नेहमीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. कान तयार असला तर हा फरक टोचतो. माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, हे पान कधी उघडलंस? त्यानं चार वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. आणि निघाला होता नवा घ्यायला!

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा रागांची एक रेकॉर्ड केली. हाताशी रोलंड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जग थक्क झालं. नव्या यंत्रांचे मालक तेव्हाही अनेक होते. या माणसानं ती यंत्रं आतून समजून घेतली आणि रागाला कामाला लावली, हा फरक.

मग स्टेजसाठी कीबोर्ड निवडताना काय बघायचं? कव्वाली, ऑर्केस्ट्रा, लग्न हे काम असेल तर हलक्या पट्ट्यांचा ६१ कीचा बाजा पुरतो. पेटीसारख्या झपाट्याच्या ताना त्यावरच सुटतात. पियानोसारख्या जड पट्ट्यांचा ८८ कीचा बाजा दहा-बारा किलोंच्या पुढेच जातो. एसटीच्या टपावर तो चढवणार कोण? गझलेला पियानोची साथ हेच ज्याचं मुख्य काम, त्यानं तो घ्यावा. ट्रान्सपोझचं बटण एका बोटावर हवं, कारण गाणारा काळी चारवरून काळी पाचवर कधी जाईल याचा नेम नसतो. टोन बदलताना आधीचा सूर तुटतो का, ते दुकानातच वाजवून बघा. मागे डावा आणि उजवा असे दोन आउटपुट आहेत का बघा. नुसत्या हेडफोनच्या भोकावर स्टेज चालवायची वेळ येऊ नये. साउंडवाला एकच वायर घेणार असेल तर डाव्या बाजूच्या, 'मोनो' लिहिलेल्या भोकातूनच द्या. दोन बाजूंसाठी बनवलेला पियानोचा टोन कसाही एकत्र केला की पोकळ वाटतो.

आणि तयार ठेक्यांचा मोह आवरा. रोलंडचा एक्सपीएस-१० किंवा यामाहाचा पीएसआर-आय५०० असे खास आपल्याकडचे टोन दिलेले ६१ कीचे बाजे आहेत, त्यांनी पुष्कळांची रोजी चालते. पण शेजारी ढोलकवाला बसलेला असताना मशीनचा ढोलक लावणं म्हणजे आपल्याच भावाच्या ताटातली भाकरी उचलणं. आज आयोजकाला कळेल की ढोलकवाल्याशिवाय भागतं. उद्या त्याला कळेल की पेन ड्राइव्ह असला तर तुझ्याशिवायही भागतं.

दुसरा गैरसमज वॅटचा. पाचशे वॅटचा आहे, हजारचा घेऊ, दुप्पट ऐकू येईल. नाही येणार. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळतो. दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. उलट मोकळ्या जागेत स्पीकरचं अंतर निम्मं केलं की फुकटात ६ डेसिबल मिळतात. चार मीटरवरचा स्पीकर एक मीटरवर आणला तर १२. तोच फरक वॅटनं भरून काढायचा तर सोळापट वॅट लागतील. म्हणजे जवळचा १०० वॅटचा स्पीकर तुझ्या कानाला चार मीटरवरच्या, त्याच जातीच्या १६०० वॅटच्या स्पीकरएवढा. हे गणित आठवीचा मुलगा मांडेल. आपण मात्र भिंती उंच करत बसलो.

म्हणून कीबोर्डवाल्यानं स्वतःचा एक स्पीकर घ्यावा: आतच ॲम्प्लिफायर असलेला, दहा किंवा बारा इंची. तो बाजूला किंवा मागे, कानाकडे तिरका ठेवावा. गुडघ्याशी ठेवला तर आवाज फक्त गुडघ्यांना मिळतो. मित्राकडचा गिटारचा ॲम्प मागून आणू नये. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं बोलत नाही, त्यामुळे संतूर आणि घुंगरांची चमक तिथंच मरते. खालच्या सुरांनी त्याचा पडदा फाटायची भीती वेगळीच. सोबत चार चॅनेलचा छोटा मिक्सर असू द्या. कीबोर्ड मिक्सरमध्ये, मिक्सरमधून एक वाट स्वतःच्या स्पीकरला, दुसरी साउंडवाल्याला. मग स्वतःचा आवाज स्वतःच्या हातात राहतो, आणि साउंडवाल्याला वर-खाली न होणारा सिग्नल मिळतो. तोही खूश.

या दोघांच्या मध्ये डीआय बॉक्स हवा. साध्या वायरवर लांबून सिग्नल नेला की ती गुणगुण पकडते. डीआय बॉक्स त्याचा असा सिग्नल बनवतो की लांब वायरीतही तो स्वच्छ राहतो. गुणगुण आली की आपल्याकडे काय करतात? पिनेचा तिसरा पाय, अर्थिंगचा, मोडून टाकतात. गुणगुण जाते, पण ओल्या मंडपात लोखंडी स्टॅंडला हात लागला तर माणूसही जाऊ शकतो. डीआय बॉक्सवर याच कामासाठी ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते दाबा, तिसऱ्या पायाला हात लावू नका.

हे सगळं मिळून त्या नव्या कीबोर्डच्या निम्म्यातही बसतं. मग मुलं हे का घेत नाहीत? कारण स्पीकर आणि डीआय बॉक्सचा स्टेजवर फोटो निघत नाही. कीबोर्डचा निघतो.

पण दोष एकट्या मुलांना देऊन मी मोकळा होणार नाही. आता उरूस कमिटीच्या, शादीच्या, मंडळाच्या कारभाऱ्यांना चार गोष्टी.

तुम्ही भिंतींना हजारो मोजता आणि वादकाच्या एका मॉनिटरला नाही म्हणता. संदलच्या मिरवणुकीत डीजे आणता, ज्याच्या दणक्यानं दर्ग्याच्या गल्लीतल्या खिडक्या हलतात, आणि त्याला अकीदत म्हणता. गणपतीतला डीजे त्रासाचा आणि आपला सवाबाचा, हा हिशेब मला कळत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सगळ्यांना एकच आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारनं सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर हाच कायदा. दुसऱ्यानं तो मोडला म्हणून आपल्याला परवाना मिळत नाही.

स्टेजवरच्या माणसाचं काय होतं तेही ऐका. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबल, आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. आपली कव्वाली चार तास चालते. माझ्या विद्यार्थ्यानं जाता जाता सांगितलं की कार्यक्रमानंतर दोन दिवस त्याच्या कानात शिटी वाजते. वय वर्षं सव्वीस. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, आणि कोणताही हप्ता भरून नवा कान मिळत नाही. वादकांसाठीचे, सूर न बिघडवता आवाज कमी करणारे इअरप्लग मिळतात. ते त्यानं घालावेत. पण भिंत ठेवणार तुम्ही आणि बोळे घालणार तो, हा कुठला इन्साफ?

काही जण म्हणतील, मास्तर, संगीत जायज की नाजायज हे आधी ठरवा. तो वाद आलिमांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण ज्यांनी स्टेज बांधलं, पोस्टर लावलं, पुढच्या सोफ्यावर बसून नोटा उधळल्या, त्यांना वादकाचा हक्क द्यायची वेळ आली की हा प्रश्न आठवावा, हे चालणार नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, हे आपण बयानात ऐकतो आणि माना डोलावतो. रात्री तीन वाजता "कल आके ले जाना" असं ऐकणारा कीबोर्डवाला मजूर नाही का?

म्हणून मागणी साधी आहे. सुपारी ठरवताना कागदावर चार ओळी लिहा: प्रत्येक वादकाला ऐकू येईल असा मॉनिटर, शाबूत अर्थिंगची वीज, कार्यक्रमाआधी अर्धा तास साउंड चेक, आणि उतरण्याआधी पूर्ण पैसे. भिंतीतले दोन बॉक्स कमी करा, खर्च निघतो. मागच्या रांगेतल्याला कमी ऐकू येईल, ही भीतीही नको. ज्या स्टेजवर वादक एकमेकांना ऐकतात, तिथं कुणाला कुणावर चढून वाजवावं लागत नाही, आणि शब्द आपोआप सुटे होतात. कव्वालीत लोक शब्दच ऐकायला येतात ना?

माझा विद्यार्थी अजून फिरकलेला नाही. हे तो वाचेल असं वाटतं. बेटा, जुना बाजा विकू नकोस. स्पीकर, मिक्सर आणि डीआय बॉक्सचं कोटेशन घेऊन ये, आणि येण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घे. त्या कागदावर मी सही करतो.